दुपारचं व्होल्टेज

आंतरराष्ट्रीय विकास संस्थेतल्या ‘शाश्वत ऊर्जा विभागाची प्रमुख’ असं म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर पवनचक्क्या आणि हवामान परिषदा करत असणार. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस कुठला खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, कुणाचा करार कधी संपतोय आणि कुठल्या प्रकल्पाची मुदत कधी सरतेय, यातच जातो. मुदत सरली की उरलेला पैसा डोनर देशाला, म्हणजे ज्यानं मदत दिली त्याला, परत करावा लागतो. पैसा परत जाणं आमच्याकडे जवळजवळ पैसा खाण्याइतकंच लाजिरवाणं समजतात. त्यामुळे शेवटच्या सहा महिन्यांत जी धावपळ चालते, ती आपल्याकडच्या मार्चअखेरीची आठवण करून देणारी.

आफ्रिकेतल्या मलावीतला आमचा प्रकल्प नोव्हेंबर 2023 मध्ये याच टप्प्यावर होता. 38 आरोग्य केंद्रांवर सौर संच बसले होते, मुदत पुढच्या जूनपर्यंत होती. अशात 9 नोव्हेंबरला तिथल्या रिझर्व्ह बँकेनं क्वाचा या तिथल्या चलनाचं अवमूल्यन केलं. डॉलरला 1180 क्वाचा पडायचे, ते एकदम 1700 झाले. आमचा पैसा परकीय चलनात आणि खांब, कुंपण, मजुरी, वाहतूक यांची बिलं क्वाचात. म्हणजे काही न करता आमच्याकडे घसघशीत शिल्लक पडली. त्या शिलकीत आणखी 11 केंद्रं बसतील, असा हिशोब मुख्यालयात दोन दिवसांत तयारही झाला. पत्रक लिहिणाऱ्या मंडळींनी बल्बखाली हसणाऱ्या मुलाचा फोटो कुठे मिळेल, याची चौकशी सुरू केली. (तो मुलगा प्रत्येक देशात असतो आणि नेहमी हसतच असतो.)

मी गेले ते या 11 केंद्रांवर शिक्कामोर्तब करायला. बरोबर डोनर देशाची प्रतिनिधी होती. तिशीतली, नेमकं बोलणारी. तिच्या पिशवीत त्याच वर्षी जानेवारीत जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक, आयरिना (अक्षय ऊर्जेची आंतरराष्ट्रीय संस्था) आणि ‘सस्टेनेबल एनर्जी फॉर ऑल’ यांनी मिळून काढलेला अहवाल होता. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत जवळपास 1 अब्ज लोकांच्या वाट्याला येणारी आरोग्य केंद्रं विजेविना किंवा बेभरवशाच्या विजेवर चालतात, हे त्यातलं वाक्य तिनं पिवळं करून ठेवलं होतं. आमच्या प्रकल्पाला पैसा मिळाला, तो अशाच आकड्यांच्या जोरावर.

ब्लांटायर शहरातून खाली शिरे नदीच्या खोऱ्यात उतरलं की हवा बदलते. नोव्हेंबर म्हणजे तिथला ऐन उन्हाळा, पाऊस अजून यायचा असतो. देशाची बहुतेक वीज याच नदीवर तयार होते. जानेवारी 2022 मध्ये ॲना वादळाच्या पुरानं कापिचिराचं धरण फोडलं, तेव्हा जवळपास 130 मेगावॅट एका फटक्यात गेले होते. पण या खोऱ्यातल्या आरोग्य केंद्रांना त्याचं फारसं सुतक नव्हतं. त्यांच्याकडे तारच पोचलेली नाही.

पहिलं केंद्र आमच्या सर्वात जुन्या संचांपैकी. मुख्यालयातल्या डॅशबोर्डवर तो सगळा वेळ हिरवा दिसायचा. दारात सिस्टर उभ्या होत्या (तिथेही सिस्टरच म्हणतात, मला उगाच बरं वाटलं). मी विचारलं, “लाइटचं कसं आहे?”

“दिवसा उत्तम आहे, मॅडम.”

त्या ‘दिवसा’वर मी थांबले. मी मूळची सांगलीकडची वीज अभियंता. शेतीपंपाला दिवसा लाइट आणि रात्री लाइट यात काय फरक असतो, ते मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

बॅटरीच्या खोलीत गेलो. पश्चिमेची भिंत, वर पत्रा आणि झरोका मच्छरदाण्यांच्या गठ्ठ्यांनी बंद झालेला. मच्छरदाण्या ठेवायला केंद्रात दुसरी कोरडी खोली नव्हती, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा? भिंतीवरचा तापमापक 41 दाखवत होता. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य कंपनी लिहून देते ते 20-25 अंशांना. त्यावर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. तरीही या खोलीचा नकाशा मंजूर होताना त्यावर सहा सह्या झाल्या होत्या.

दोन-दोन व्होल्टचे 24 सेल एकामागोमाग जोडून 48 व्होल्टची बॅटरी बँक. आमच्या तंत्रज्ञानं पॅनेलकडून येणारं चार्जिंग तोडलं, लेबर रूमचे दिवे, पंखा आणि सक्शन मशीन चालू केलं आणि एकेका सेलवर मल्टिमीटरचे टोक टेकवत आकडे सांगू लागला. मी वहीत लिहीत होते. कित्येक वर्षांनी लिहीत होते, आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती. 1.97. 1.98. 1.96. सतराव्याला 1.31. त्यानं टर्मिनल पुसून पुन्हा टोक लावलं, 1.28. विसावाही तसाच ढेपाळलेला. हे बंद जातीचे जेल सेल, पाणी घालून उठवता येत नाहीत. एकामागोमाग जोडलेल्या बँकेत दोन सेल बसले की बाकीचे बावीस धड असून उपयोग नसतो. एकूण व्होल्टेज खाली येतं, इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला ट्रिप होतो आणि अंधार.

मग डॅशबोर्ड हिरवा कसा? कारण तो व्होल्टेज घेतो दुपारी बाराला. त्या वेळी पॅनेल चार्जिंग करत असतात, मेलेली बँकही 54 व्होल्ट दाखवते. शिवाय पॅनेलमधून वीज निघाली की संच ‘कार्यरत’. बारा वाजता ज्याला कुणी विचारत नाही तो आकडा आम्ही वर्षानुवर्षं जमवत होतो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सातव्या ध्येयाचंही तसंच आहे. मजकुरात परवडणारी आणि भरवशाची ऊर्जा म्हटलंय, पण मोजणीच्या रकान्यात वीज किती लोकांपर्यंत पोचली एवढंच येतं. रात्री अकराला ती होती का, हे मोजायला जागतिक रकानाच नाही.

रकाना सिस्टरांनी काढला होता. तो पहिल्यांदा दिसला डोनरच्या त्या मुलीला. आम्ही बॅटरीत डोकं घालून बसलो होतो, तेव्हा ती लेबर रूममध्ये फरशीवर बसून बाळंतपणाचं रजिस्टर चाळत होती. प्रत्येक नोंदीपुढे समासात पेन्सिलीनं एक अक्षर: एस, टी किंवा पी. सोलर, टॉर्च, फोन. कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, “फोन धरायला कुणीतरी लागतं, म्हणजे एक माणूस कमी. म्हणून लिहून ठेवते.” वर्षभरापूर्वीच्या पानांवर एस जास्त होते, पुढे रात्रीच्या वेळा टी आणि पी यांनी भरत गेल्या होत्या. सेल कधी बसले याची तारीख मला त्या पेन्सिलीवरून काढता आली असती. लाखो युरोंच्या देखरेख यंत्रणेवरून नाही.

त्याच केंद्रात लसींचा फ्रिज मात्र ठणठणीत. तो थेट सौर, त्याला बॅटरी नसतेच. दिवसा बर्फ जमवतो आणि रात्र त्यावर काढतो. वर चिकटवलेला छोटा नोंदक गेल्या 30 दिवसांत तापमान 2 ते 8 अंशांबाहेर गेलं का, ते दाखवतो, आणि ते बघून सही करणं हे एका माणसाचं ठरलेलं काम आहे. लसवाल्यांनी ही शिस्त कित्येक वर्षं घासून बसवली आहे. बाळंतिणीच्या डोक्यावरच्या दिव्याची नोंद बघून सही करणारं कुणी नाही. आम्ही ऊर्जावाले मात्र स्वतःला त्यांच्यापेक्षा शहाणे समजतो.

“नवे सेल का नाही आणले?” मी जिल्ह्याच्या माणसाला विचारलं. त्यानं हस्तांतरणाचा कागद दाखवला, त्यावर आमच्याच संस्थेची सही. संच जिल्ह्याच्या मालकीचा, देखभाल जिल्ह्याची. पैसे वर्षभर मागत होता. जे कोटेशन कसंबसं मंजूर झालं, ते 9 तारखेनंतर दुकानदारानं मागे घेतलं, कारण बॅटरी आयातीची. ज्या अवमूल्यनानं आमच्या हातात शिल्लक टाकली, त्यानंच त्याची देखभाल खाल्ली होती. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. मलाच गाडीत बसेपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं.

परतताना त्या 11 पैकी एका केंद्रावर थांबणं ठरलेलं होतं. तिथे आम्ही येणार म्हणून आवार झाडून ठेवलं होतं. केंद्राचे प्रमुख आम्हाला कौतुकानं इमारतीमागे घेऊन गेले. आमचा सर्वेक्षण करणारा माणूस काही महिन्यांपूर्वी येऊन गेला होता आणि आंब्याची सावली पॅनेलवर पडेल, असं सांगून गेला होता. गावाच्या मुखियाची परवानगी काढून त्यांनी आंबा तोडला होता. मोठा आंबा. त्याच्या सावलीत तपासणीला आलेल्या गरोदर बाया बसायच्या, त्या आता भिंतीला खेटून हातभर सावलीत बसल्या होत्या. “जागा तयार आहे,” ते म्हणाले. सर्वेक्षणवाल्याचं तांत्रिक मत बरोबर होतं. सकाळी दहापर्यंत सावली पडलीच असती. पण सर्वेक्षण म्हणजे मंजुरी नव्हे, हे त्यानं सांगितलं असेल तरी कुणाच्या कानावर पडणार?

रात्री ब्लांटायरच्या हॉटेलात आम्ही बसलो. हॉटेलचीही लाइट गेली होती आणि जनरेटर घुमत होता. माझं म्हणणं मी मांडलं. नवी 11 केंद्रं थांबवायची आणि शिल्लक जुन्या 38 वर घालायची. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आणि पाच वर्षांची देखभाल.

देखभाल विकत घेणं आमच्या नियमांत जवळपास अशक्य आहे. सेवा मिळण्याआधी पैसे देता येत नाहीत, आणि प्रकल्प संपल्यावरही देता येत नाहीत. म्हणजे पाच वर्षांची सेवा कधीच विकत घेता येत नाही! कायदा विभागाचं हे उत्तर मला पाठ आहे. त्यावर आम्ही काढलेली वाट सांगायला मला आवडते. सेवा विकत घ्यायचीच नाही, बॅटऱ्या घ्यायच्या आणि वॉरंटी पाच वर्षांची मागायची. ‘बिघाड’ कशाला म्हणायचं ते निविदेतच लिहायचं. संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत लेबर रूमच्या सर्किटला वीज नसेल तर तो बिघाड, बॅटरी दुपारी कितीही व्होल्ट दाखवो. त्या सर्किटला वेगळा मीटर. पुरवठादाराची बँक गॅरंटी आमच्या तिथल्या कार्यालयाकडे, दर वर्षी कामाच्या प्रमाणात थोडी थोडी सुटणारी. आणि वाद झाला तर सिस्टरांचं रजिस्टर पुरावा म्हणून चालेल, हे कलम मी हट्टानं घातलं. वकिलांनी ते तीनदा खोडलं होतं. केंद्रांचे गट करून प्रत्येक गटाला माणसं नेमणं आणि त्यांना नियमित फेऱ्या घालायला लावणं ही कल्पना माझी नाही. छत्तीसगडमध्ये क्रेडा या सरकारी संस्थेनं शेकडो आरोग्य केंद्रं अशीच चालती ठेवली आहेत.

माझ्या विभागातला आफ्रिकेचं काम बघणारा सहकारी फोनवर होता. मूळचा घानाचा, माझ्याहून जास्त वर्षं हेच करतोय. तो म्हणाला, निम्मं निम्मं करू. आम्ही हिशोब करून पाहिला. अर्ध्या केंद्रांवर पुरवठादार त्या खोऱ्यात गाडी आणि तंत्रज्ञ ठेवायला तयार होत नव्हता, दर केंद्रामागे भाव भलताच चढत होता. डोनरच्या मुलीनं एकच प्रश्न विचारला, “नवे लोक किती?” मी म्हटलं, शून्य. तिच्या मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात तेवढाच आकडा छापला जातो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. थोडा वेळ ती लिहीत बसली आणि मग म्हणाली, रजिस्टरच्या पानांचे फोटो मी घेतलेत, ते प्रस्तावाला जोडा. तिच्यामुळे तो मंजूर झाला. लोक डोनरना सरसकट नावं ठेवतात, मीही ठेवते. पण त्या दिवशी फरशीवर बसलेली तीच होती.

करार वेळेत झाला, बॅटऱ्या बसल्या, मच्छरदाण्यांना पत्र्याची वेगळी कोठी मिळाली. पहिल्या वर्षी पुरवठादाराच्या गॅरंटीतून पैसे कापलेही गेले, ते मीटर आणि रजिस्टर जुळल्यामुळे. सर्वेक्षणाच्या सूचनांत आता एक ओळ आहे की कार्यादेश निघेपर्यंत झाडाला, भिंतीला हात लावायला सांगायचं नाही. ती 11 केंद्रं पुढच्या टप्प्याच्या यादीत सर्वात वर आहेत. त्या टप्प्याला पैसा अजून कुणी कबूल केलेला नाही. गेल्या वर्षभरात तर डोनर देशांनी असे हात आखडते घेतलेत, की यादीत वर असण्याला किती अर्थ उरलाय ते मला सांगता येणार नाही. आंबा तोडलेल्या केंद्राचे प्रमुख अधूनमधून व्हॉट्सॲपवर नमस्कार पाठवतात. विचारत काही नाहीत.

घानाच्या सहकाऱ्याचं मत बदललेलं नाही. परवा जेवताना त्यानं ते पुन्हा काढलं. “तू म्हणतेस, नव्या 11 च्या बॅटऱ्याही चार वर्षांत मेल्या असत्या. मान्य. पण चार वर्षं तर चालल्या असत्या. त्या चार वर्षांत रात्री जन्मणारी पोरं कुठल्या रकान्यात टाकायची?” मी म्हटलं, 38 केंद्रांतली पोरंही रात्रीच जन्मतात. तो म्हणाला, ते मला ठाऊक आहे, मी ते विचारलेलं नाही.