शेकरूच्या वाटेवर चौथीचा वर्ग

परिसर अभ्यासाच्या तासाला अन्नसाखळी विचारली की गवत, हरीण, वाघ ही नावे मुले धडाधड सांगतात. मात्र आपल्या जवळच्या जंगलात कोण राहते असे विचारले की वर्ग गप्प होतो. ही उणीव फळ्यासमोर बसून भरून निघणारी नव्हती. म्हणून यंदा हिवाळ्यात चौथीच्या मुलांना घेऊन आम्ही शिक्षक भीमाशंकरला गेलो.

मंचर, घोडेगाव मागे पडल्यावर डिंभे धरणाचा जलाशय दिसू लागतो आणि पुढे घाट चढताना झाडी दाट होत जाते. भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झाले. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले सुमारे 130 चौरस किलोमीटरचे हे जंगल शेकरूसाठी, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मोठ्या खारीसाठी ओळखले जाते. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, हे मुलांना स्पर्धापरीक्षेच्या प्रश्नासारखे पाठ होते. तो राहतो कसा, याची मात्र कुणालाच कल्पना नव्हती.

देवळाकडची गर्दी टाळून आम्ही पायवाटेने जंगलात शिरलो. वाट दाखवायला जवळच्याच पाड्यावरचे, महादेव कोळी या आदिवासी समाजाचे एक आजोबा सोबत होते. शेकरू लगेच दिसले नाही, आणि त्याचे मला मनापासून समाधान वाटले, कारण प्राणी समोर आला की मुलांचे सगळे लक्ष त्याच्यावरच खिळते आणि झाडांकडे पाहायचे राहून जाते. आजोबांनी वर बोट दाखवले. काटक्यापानांचे एक मोठे गोल घरटे अगदी बारीक फांदीच्या टोकाशी होते. "एवढी जाड फांदी सोडून तिथं का बांधलं असेल?" त्यांनी विचारले. मुले बराच वेळ माना वर करून पाहत राहिली. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, बिबट्या तिथपर्यंत गेला तर फांदी मोडेल ना!" आजोबा हसून हो म्हणाले आणि त्यांनी शेजारच्या झाडांवरची आणखी घरटी दाखवली. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते.

त्यानंतर मी मुलांना एकच काम दिले: या घरट्यापासून निघालेले शेकरू जमिनीला पाय न लावता कुठवर जाईल, ते वहीत काढा. शेकरू क्वचितच खाली उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर ते वीसेक फुटांची झेप घेते, आणि फळे, फुले, बिया, झाडाची साल असे सगळे त्याला वरच मिळते. मुलांच्या पेन्सिली जांभळावरून आंब्यावर, आंब्यावरून हिरड्यावर सरकत गेल्या आणि डांबरी रस्त्याच्या कडेला येऊन सगळ्यांच्याच थांबल्या. तिथे दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींपर्यंत पोहोचत नव्हत्या. झाडे तोडू नका हे वाक्य मुलांनी शेकडो वेळा लिहिलेले आहे, पण एक झाड गेले तर नेमके कुणाचे काय अडते, हे त्यांना त्या रस्त्याच्या कडेला उभे राहून दिसले.

परतीच्या वाटेवर आजोबांनी हिरड्याबद्दल सांगितले. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, वेचून विकणे हा इथल्या अनेक घरांच्या मिळकतीचा भाग आहे, त्यामुळे ही झाडे जपण्यात गावाचेही हित आहे. देवराईतले, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या जंगलातले, वाळलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, ही जुनी रीतही त्यांच्याकडून कळली. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा अशा श्रद्धांमुळे किती जुने जंगल टिकून राहिले आहे, याची नोंद झाली. वन्यजीव शिकवताना तिथल्या माणसांना वगळले तर धडा अर्धाच राहतो, असे माझे ठाम मत आहे.

शाळेत परतल्यावर मुलांनी स्वतःहून आवाराचा तसाच नकाशा काढायला घेतला. खारीला कुंपणाजवळच्या वडापासून मागच्या चिंचेपर्यंत जाता येते का, यावर सध्या वर्गात वाद चालू आहे. मधल्या मोकळ्या जागेत कोणते झाड लावायचे, हे पावसाळ्याआधी ठरवायचे आहे.