व्हिनीअर बसवण्याआधी: माझा अनुभव

झोपेत दात खाण्याच्या सवयीने माझ्या वरच्या पुढच्या दातांच्या कडा झिजल्या होत्या, मधे फटही होती. व्हिनीअर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पोर्सेलिनचा पातळ पापुद्रा, बसवायचं मनात होतं, पण त्यासाठी दात घासावे लागू शकतात आणि एकदा घासलेलं इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) पुन्हा येत नाही, या गोष्टीची धास्ती वाटायची. म्हणून आधी सगळं आखून, दाखवून मग हात लावणारी डिजिटल पद्धत निवडली.

सुरुवात हिरड्यांच्या उपचारापासून झाली. हिरडी सुजलेली असेल तर तिची खरी कड कळत नाही आणि आराखडा तिथेच चुकतो. मग फोटो, स्कॅन आणि बोलता-हसतानाचा व्हिडिओ. कॅमेऱ्यासमोर माणूस आवरून हसतो, म्हणून व्हिडिओ हवाच.

डॉक्टरांनी माझ्या फोटोवर डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या जोडणारी आडवी रेघ, चेहऱ्याची मध्यरेषा आणि खालच्या ओठाची कमान आखली. वरच्या दातांच्या कडा त्या कमानीच्या अंगाने गेल्या की हसू सहज दिसतं. मधल्या दोन दातांची रुंदी उंचीच्या साधारण ७५ ते ८० टक्के असली तर ते शोभतात, असं त्या म्हणाल्या. माझे झिजून जवळजवळ चौकोनी झाले होते. नुसती फट बुजवली असती तर आणखी रुंद दिसले असते! मला दात लांब करून हवे होते, हे तेव्हा उमगलं.

पण पडद्यावरच्या चित्रावर मी होकार दिला नाही, आणि कुणी देऊही नये. आराखड्यावरून थ्री-डी प्रिंटरने मॉडेल काढलं, त्यावर सिलिकॉनचा साचा घेतला, त्यात तात्पुरतं रेझिन (दातासारखं दिसणारं, घट्ट होणारं प्लास्टिक) भरून माझ्या न घासलेल्या दातांवर बसवलं. हाच मॉक-अप. डॉक्टरांनी आरसा देण्याआधी मला बोलायला लावलं. ‘फोन’, ‘वीस’ म्हणताना नवी कड खालच्या ओठाला टोचत होती. तिथल्या तिथे ती थोडी कमी केली, पुन्हा बोललो, चावून पाहिलं, घरच्यांना दाखवलं. तो बदल मग आराखड्यातही उतरवला.

भर घालायची असल्याने घासणं फारच थोडं लागलं, तेही मॉक-अपवरून खोली मोजून. बाजूच्या दातांना कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) पुरलं. ब्लीचिंग, म्हणजे दात उजळवणं, आधी करून घेतलं, कारण पोर्सेलिनचा रंग नंतर बदलत नाही. ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबलो. रंग स्थिरावल्याशिवाय शेड ठरवता येत नाही आणि लगेच चिकटवलं तर पकडही कच्ची राहते.

दात खाण्याची सवय अजून आहे, त्यामुळे रात्री नाइट गार्ड (दातांवर बसवायचं संरक्षक आवरण) लावतो. तो नसेल तर पोर्सेलिनचे टवके उडू शकतात.