ज्याचं नाव, त्याच्या घरी

रविवार, रात्री साडेअकरा

आज माळा उतरवला. मी स्टुलावर चढून एकेक वस्तू खाली देत होते आणि लेक ती हॉलमध्ये मांडत होती. संध्याकाळपर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही. माझा सोळा वर्षांचा संसार, त्याच्याखाली सासूबाईंचा चाळीस वर्षांचा आणि अगदी तळाशी आईकडून आलेली भांडी.

निघायला एकोणीस दिवस उरलेत. तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा आहेत, म्हणजे आम्हा दोघींच्या मिळून ९२ किलो. नवरा फेब्रुवारीतच जर्मनीत श्टुटगार्टला गेला. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, असं तो परवा फोनवर सांगत होता. ऐकून उगाच बरं वाटलं.

घर मिळालंय, पण त्याला स्वयंपाकघर नाही. खोली आहे, आत काही नाही. तिकडे भाड्याच्या घरात बरेचदा ओटा, सिंक, कपाटं काहीच नसतं. आधीचा भाडेकरू सगळं काढून घेऊन जातो, नाहीतर नवीन येणाऱ्याला विकतो. त्याने व्हिडिओवर दाखवलं, तर पांढऱ्या भिंतीतून पाण्याचे पाइप बाहेर आलेले आणि शेगडीसाठी सोडलेली वायर. आणि इथे माझ्यासमोर जमिनीवर मोजून त्रेसष्ट भांडी.

त्यातला एक पितळी डबा घेऊन मी खिडकीत बसले. झाकणावर नाव घातलेलं आहे. पूर्वी भांड्यांच्या दुकानात नावं घालणारा माणूस असायचा. मांडीवर भांडं, एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. आपण नाव सांगायचं, तारीख सांगायची आणि तो टकटक करत ठिपक्यांनी अक्षरं काढायचा. पुढे मशीन आलं आणि रेघ सलग झाली. हा डबा ठिपक्यांचा आहे. आईच्या लग्नातला, २०-५-१९७९. देणारी मोठी मावशी. तिचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं, त्यामुळे सासरच्या आडनावाने दिलेल्या तिच्या पहिल्या भेटींपैकी ही एक असणार. आडनावातलं दुसरं अक्षर आधी चुकलंय. माहेरच्या आडनावाचं अक्षर घालायला सुरुवात झाली आणि मग त्यावरच ठिपके मारून दुरुस्त केलंय. बोट फिरवलं की तेवढ्या जागी पितळ खरखरीत लागतं. इतकी वर्षं या डब्यात रवा भरला आणि हे कधी दिसलं नव्हतं.

सोमवार

भांडीवाल्याकडे जाऊन आले. मोडीत पितळ किलोवर घेतो, स्टीलला फारच कमी भाव. तो त्याच्या धंद्याला धरूनच बोलत होता, त्याचं काही चुकलं नाही. पण मी नमुन्याला नेलेला तांब्या त्याने काट्यावर टाकला तेव्हा ‘चि. सौ. कां.’ ही अक्षरं खाली गेली आणि मी तो तांब्या उचलून परत आणला.

रात्री ठरवलं. ज्याचं नाव भांड्यावर, त्याच्या घरी ते भांडं जाईल. आत्या, दोन मामा, मावशी, सासूबाईंच्या चुलत नणंदा, शेजारच्या काकू. एक यादी केली, त्यात एकवीस घरं निघाली.

बुधवार

आज पुस्तकं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. लग्न होऊन या गावात आल्यावर माझ्या नावाने काढलेलं पहिलं कार्ड तिथलं होतं. ते बंद केलं. घरातली पुस्तकं द्यायला दुसऱ्या एका संस्थेला फोन केला, तर जागा नाही म्हणाले. मग आमच्याच जिन्यात मांडली आणि वर कागद लावला, ‘घेऊन जा’. दिवाळी अंकांचे गठ्ठे पहिल्यांदा गेले, याचं नवल वाटलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दोन फेऱ्या मारून नेले.

लेकीने स्वतःची बॅग स्वतः भरायची, असं ठरलंय. तिने दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे एकेका मोज्यात घातलेत. अकरा मावळे, अकरा मोजे, आणि महाराज माझ्या लोकरी टोपीत. मी काही बोलले नाही. तिचे २३ किलो तिचे आहेत.

गुरुवार

खाण्याचं सामान. याबाबतीत मनाचा हिय्या करावा लागला. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून सामानात दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे कढवलेलं तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काहीच नाही. ताजी भाजी, फळं, पाला यांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, म्हणून कढीपत्ताही नाही. फक्त पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. पण सुकं खोबरं विमानवाले घेत नाहीत, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. म्हणजे नारळ तिथल्या नियमात बसतो आणि खोबऱ्याची वाटी इथल्या नियमात बसत नाही. गोडा मसाला करताना खोबरं भाजून, वाटून त्यातच घातलं आणि तो मसाला तेवढा घेतला.

मिक्सर येतोय. तिथेही वीज २३० व्होल्टचीच, फक्त आपली तीन पिनांची खुंटी तिथल्या भोकात जात नाही, तेवढा अडॅप्टर लागेल. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापणार नाही, म्हणून तो इथेच राहील आणि स्टीलचा येईल. गॅसचं कनेक्शन परत केलं. पुस्तक, सिलिंडर, रेग्युलेटर दिलं की मूळ पावतीवर जेवढी अनामत असते तेवढीच परत मिळते. फुलका ज्वाळेवर टाकायचे आता थोडेच दिवस.

शनिवार

देवघर आज आवरलं, आणि आज दिवसभर दुसरं काही झालं नाही.

आमच्याकडचा पितळी बाळकृष्ण पाच पिढ्यांचा, असं सासूबाई सांगायच्या. त्यांच्या आजेसासूबाईंनी तो माहेरून आणला होता. तो बरोबर न्यायचा, हे मी गृहीतच धरलं होतं. मग कायदा वाचला. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, नाणं, कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नाही असा दाखला पुरातत्त्व विभागाकडून मिळतो, पण आमचा बाळकृष्ण तेवढा जुना आहेच. खोटं बोलून तो दाखला कशाला मागायचा?

चिपळूणला दिरांना फोन केला. ते म्हणाले, “वहिनी, तो तसाही या घरातूनच ठाण्याला गेला होता. आणून ठेवा, मी रोज आंघोळ घालीन.” उद्या जाऊन ठेवून येईन.

माझ्या लग्नात आईने दिलेली अन्नपूर्णा २००९ची आहे. मूठभर तांदळात तिला बसवायचं असतं, तर एका वाटीत तांदूळ घालून, तिला त्यात बसवून, कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवलंय. तिथल्या स्वयंपाकघरात ओटा यायच्या आधी ती पोचेल.

मंगळवार

भांडी वाटायला सुरुवात केली आणि पहिल्याच घरी एक गोष्ट लक्षात आली. रिकामं भांडं कोणाच्या घरी परत द्यायचं नसतं. आई शेजारच्या वाटीत निदान चमचाभर साखर घालून द्यायची. इथे माझ्या डब्यांत तूरडाळ, तांदूळ, पोहे, गूळ सगळं पडून होतं आणि ते कुठे द्यायचं हा दुसरा प्रश्न होता. दोन्ही एकदमच सुटले. आत्याच्या कढईत तांदूळ, काकूंच्या पातेल्यात डाळ, मोठ्या मामांच्या घागरीत साडेतीन किलो गूळ.

आत्या कढई मांडीवर घेऊन बसून राहिली. म्हणाली, “तुझ्या आजीने पैसे दिले होते यासाठी. नाव मात्र माझं घाल म्हणाली.” ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. कढई माझ्याकडे राहिली असती तर कळलीही नसती.

सगळीकडे असं झालं नाही. एका मामेभावाने सरळ सांगितलं, आमच्या दोन खोल्यांत ठेवू कुठे. खरं आहे त्याचं. अशी उरलेली सतरा भांडी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना दिली. मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न आहे. नावं घासून काढून देऊ का, असं विचारलं तर म्हणाल्या, “राहू द्या की. कुणी तरी कुणाला मायेनं दिलेलं आहे.”

गुरुवार, निघायला आठ दिवस

डोंबिवलीला मावशीकडे गेले. पितळी डबा चिंच लावून लख्ख घासला होता आणि आत रवा भरला होता. तिने झाकण हातात घेतलं, चष्मा वर केला आणि त्या चुकलेल्या अक्षराला बोट लावलं. “मीच सांगितलं होतं चुकीचं,” म्हणाली. “दुकानात नाव विचारलं आणि तोंडातून माहेरचंच आलं. तुझे काका शेजारी उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, असू दे, सवय व्हायला वेळ लागतो.”

काका जाऊन नऊ वर्षं झाली. आम्ही दोघी जरा वेळ गप्प बसलो.

मग ती आत गेली. रवा तिने पातेल्यात काढलेला ऐकू आला, भांड्यांचा आवाज झाला आणि डबा घेऊन बाहेर आली. आत मेतकूट. परवाच भाजून दळलेलं, हिंगाचा वास खोलीभर. डबा माझ्या हातात दिला.

“मावशी, मी तुला परत द्यायला आणलाय तो.”

“दिलेलं परत घेतात का? आणि नाव माझं आहे ना त्याच्यावर? मग तो कुठे राहणार ते मी सांगते. तिकडे मऊ भातावर घाल पोरीला.”

रात्री

हातकाट्यावर बॅग लावली. डब्यासकट २४.१. गेल्या महिन्यात इथे घेतलेला थंडीचा कोट काढून ठेवला. इथले कोट तिथल्या थंडीला पुरत नाहीत, असं नवरा म्हणतच होता. आता २२.६. डब्याभोवती दोन साड्या गुंडाळल्या आणि झाकण निघू नये म्हणून आईची जुनी नाडी बांधली.