पटाआधी गाणे: नया गावातील चित्रकारांच्या पडवीत

पश्चिम बंगालमधील नया हे गाव चित्रांसाठी प्रसिद्ध आहे, आणि माझी तक्रार नेमकी त्या प्रसिद्धीविषयी आहे. पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात, पिंगला ठाण्याच्या हद्दीत वसलेल्या या गावातील पटुआ कुटुंबे कागदाच्या लांब गुंडाळ्यांवर, म्हणजे पटांवर, कथाचित्रे रंगवतात आणि ‘चित्रकार’ हेच आडनाव लावतात, एवढे हस्तकला प्रदर्शनांना जाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ही माणसे गायकही आहेत. पट झोळीत घालून गावोगाव फिरायचे, दारात तो उलगडत गायचे आणि त्याबद्दल तांदूळ, जुने कपडे, चार पैसे घ्यायचे ही त्यांच्या वाडवडिलांची उपजीविका होती, हे सांगणारी पाटी मी आजवर एकाही प्रदर्शनात पाहिलेली नाही. त्या काळी पट दाखवला जात असे आणि कमाई गाण्याची असे. आज पट विकला जातो आणि गाणे फुकट मागितले जाते, किंवा मागितलेच जात नाही.

हावड्याहून खरगपूरच्या दिशेने जाणारी लोकल पकडून बालीचक स्थानकावर उतरायचे आणि पुढे रस्त्याने नया गाठायचे, असा हा साधा प्रवास आहे. लोकलमधील गर्दीचे मुंबईकरांना काही वाटू नये. मोहरीच्या तेलात कालवलेल्या मुरमुऱ्यांचा वास मात्र पूर्ण डबाभर असतो आणि तो मला फार आवडला. नोव्हेंबरात गावात ‘पट माया’ नावाचा उत्सव भरतो. तेव्हा सगळे चित्रकार एकाच वेळी भेटतात हे खरे असले, तरी मला निवांतपणे ऐकायचे होते, म्हणून मी मुद्दाम फेब्रुवारी निवडला.

गावात शिरताच घरांच्या भिंतींवर मोर, मासे, हत्ती आणि संथाळ नर्तकांच्या रांगा दिसू लागतात. पडवीपडवीत पट लटकलेले असतात, आणि त्यांच्या शेजारी त्याच शैलीत रंगवलेल्या किटल्या, छत्र्या, हातपंखे आणि टी-शर्ट मांडलेले असतात. या वस्तूंविषयी मला आकस नाही, कारण त्यांच्यावर घरे चालतात. पण किटलीला गाणे नसते. त्यामुळे मी प्रत्येक पडवीत पहिला प्रश्न गाण्याचाच विचारत गेले. माझी बंगाली तोडकीमोडकी आहे, परंतु ‘पटेर गान’ एवढे दोन शब्द उच्चारले की समोरच्या चेहऱ्यावर जो बदल होत असे, त्यासाठी आणखी भाषेची गरज पडली नाही.

ज्या घरी माझे सर्वाधिक बसणे झाले, तेथील गृहिणीला मी माशी, म्हणजे बंगालीत मावशी, म्हणू लागले होते आणि त्या मला ‘मा’ म्हणत होत्या. वय साठीच्या पुढचे असावे, आवाज थोडा घोगरा, पण सुराला पक्का. त्यांनी मनसेचा पट काढला. मनसा ही सर्पांची देवता. शिवभक्त चांद सौदागर तिची पूजा करायला नकार देतो, तिच्या कोपाने त्याचे सहा मुलगे मरतात, गलबते बुडतात, आणि सातवा मुलगा लखिंदर याला लग्नाच्या रात्री लोखंडी खोलीतही नाग डसतो. नवी नवरी बेहुला त्याचे प्रेत केळीच्या तराफ्यावर घेऊन नदीतून देवांच्या दरबारापर्यंत जाते. बंगालमध्ये ही कथा घरोघर माहीत आहे, तरीही ती प्रत्येक वेळी पहिल्यापासून गायली जाते.

माशींनी पटाचे वरचे टोक डाव्या हातात उंच धरले आणि खालची गुंडाळी उजव्या हाताने सोडायला सुरुवात केली. पहिल्या मोठ्या चौकटीत सर्पांच्या आसनावर बसलेली मनसा होती. वाद्य कोणतेच नव्हते. चार-पाच सुरांत फिरणारी चाल, दोन-दोन ओळींचे चरण आणि प्रत्येक चरणाच्या शेवटी लांबवलेला स्वर. बराच वेळ लक्ष देऊन पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले की तो लांबवलेला स्वर नुसता शोभेसाठी नाही. तेवढ्या अवधीत त्या पुढची चौकट उघडत होत्या, आणि चौकट पूर्ण दिसताक्षणी पुढचा शब्द येत होता. उजव्या हाताची तर्जनी चित्रातल्या माणसांवरून फिरत होती, जो बोलतो आहे त्याच्यावर थांबत होती, पण कागदाला एकदाही टेकत नव्हती. रंग आणि बोट यांच्यात केसाएवढे अंतर राखून त्या संपूर्ण कथा दाखवत होत्या. इतक्या वर्षांच्या गाण्यानंतरही तो पट का मळला नाही, हे मला तेव्हा समजले.

लखिंदर लोखंडी खोलीत निजला होता आणि भिंतीतल्या भोकातून नागीण आत येत होती, त्याच वेळी एका मोटारीतून काही मंडळी पडवीत आली. रविवार होता, कोलकात्याहून बरेच लोक आले होते. गाणे चालू आहे हे दिसत असताना त्यांच्यापैकी एकाने मोठ्याने भाव विचारला. माशींनी चरण पुरा केला, तो शेवटचा स्वरही तेवढाच लांबवला, आणि मग थांबून पटाची किंमत सांगितली. घासाघीस झाली. कोणी एक जण त्यांना पट हातात धरून तोंड उघडे ठेवायला सांगत होता, म्हणजे छायाचित्रात त्या गात आहेत असे दिसले असते. गाणारी बाई समोर उभी असताना गाण्याचा देखावा मागणाऱ्या त्या माणसाचा मला इतका संताप आला की मी उठून बाहेर गेले. मंडळी दोन रंगवलेले पंखे घेऊन निघून गेली.

मी परत आले तेव्हा माशी पट पुन्हा गुंडाळत होत्या. मला वाटले, आता काही ऐकायला मिळणार नाही. परंतु त्यांनी तो शेवटपर्यंत गुंडाळला, घोटभर पाणी प्यायल्या, मला शेजारची चटई दाखवली आणि वरचे टोक धरून मनसेच्या वंदनेपासून पुन्हा सुरुवात केली. तुटलेल्या जागेपासून पुढे गायले असते तर त्यांचा वेळ वाचला असता, आणि मीही काही बोलले नसते. पण कथा अशी मधूनच उघडायला त्या तयार नव्हत्या. तराफ्याची चौकट आली. नदीच्या निळ्या लाटा, त्यांत दोन मासे, पांढऱ्या कापडातला लखिंदर आणि त्याच्या उशाशी लांब डोळ्यांची बेहुला. तेथे चाल तीच राहिली, लय मात्र संथ झाली. अखेरीस चांद सौदागर मनसेला फूल वाहतो, पण डाव्या हाताने आणि तोंड फिरवून, आणि ते तोंड फिरवणे चित्रातही आहे आणि माशींच्या आवाजातही होते.

गाणे संपताना गाणाराचे नाव, गाव, ठाणे आणि जिल्हा त्याच चालीत गुंफलेला असतो. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येते, त्याच जातीची ही नाममुद्रा, फक्त पूर्ण पत्त्यासह. अनोळखी दारात उभे राहून गाणाऱ्याने आपण कोण, कुठले हे सांगायचे, अशी ती रीत असावी. आता चित्राच्या कोपऱ्यात सही असते. मात्र माशींच्या तोंडून त्यांचे स्वतःचे नाव आणि ‘नया ग्राम, पिंगला थाना’ हे सुरात ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आले.

ही बहुतेक कुटुंबे धर्माने मुसलमान आहेत. ती मनसा, दुर्गा आणि रामायण गातात, सत्यपीर आणि गाजीपीर या पिरांच्या कथाही गातात, आणि अनेकांना एक हिंदू व एक मुसलमान अशी दोन नावे असतात. दुपारी मशिदीतून अजान झाली, ती संपेपर्यंत माशी थांबल्या आणि मग बेहुलेचा पुढचा चरण उचलला. पूर्वी पट घेऊन फिरणारे प्रामुख्याने पुरुष असत. नया गावातील बुजुर्ग दुखुश्याम चित्रकार यांनी स्त्रियांना गाणी आणि चित्रे शिकवण्याचा आग्रह धरला, आणि आज या गावात जे गाणे ऐकू येते त्यातला मोठा वाटा स्त्रियांच्या आवाजाचा आहे.

मागील अंगणात माशींची सून रंग करत होती. नारळाच्या करवंट्यांमध्ये गोकर्णीच्या फुलांचा निळा, हळदीचा पिवळा, मायाळूच्या फळांचा जांभळा, काजळीचा काळा आणि लटकनच्या, म्हणजे आपल्या शेंदरीच्या, बियांचा केशरी असे रंग होते. त्यांत बेलफळाचा चिकट गर मिसळून करवंट्या उन्हात ठेवायच्या, म्हणजे रंग कागदाला धरतो. पट पूर्ण झाल्यावर पाठीमागे जुन्या साडीचे कापड चिकटवतात, त्यामुळे हजारदा उलगडूनही कागद फाटत नाही. मी तिला विचारले की नव्या विषयाचा पट करायचा झाला तर आधी काय करतेस. “आगे गान,” ती म्हणाली. आधी गाणे बांधायचे, त्यावरून चौकटी किती ते ठरवायचे, मग कागद जोडायचे. चित्राची लांबी गाण्यावरून ठरते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. २००४ ची त्सुनामी, ११ सप्टेंबर २००१ चा न्यूयॉर्कवरील हल्ला, एड्सविषयीची सावधगिरी, हे सगळे विषय याच रीतीने पटांत आले आहेत. त्सुनामीच्या पटात समुद्राला राक्षसी तोंड असते, आणि त्या चौकटीवर आवाज एकदम वर चढतो.

जेवायला भात, डाळ, आलू-पोस्तो म्हणजे खसखशीतले बटाटे, आणि तळलेला लहान मासा होता. मला वाढून झाल्याशिवाय घरातले कोणी बसले नाही, आणि माझ्या विनवण्यांचा काही उपयोग झाला नाही. रात्री मच्छरदाणीतही डास होते व वीज दोनदा गेली, पण तक्रार करावी असे त्यात काही नाही. संध्याकाळी शेजारच्या एका लहान मुलीने माशांच्या लग्नाचा पट म्हणून दाखवला. लाल भुईवर नटूनथटून निघालेले छोटे मासे, कोणी वाजंत्री, कोणी पालखी उचलणारा, आणि शेवटच्या चौकटीत जबडा पसरून सर्वांना गिळायला आलेला भलामोठा बोआल मासा. ती चौकट उघडण्याआधी तिने आमच्या सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहून घेतले. शेवटचा स्वर तिने जरुरीपेक्षा जास्त लांबवला, आणि तिची आजी हसली.

गाणे आणि चित्र वेगळे झाले की काय होते, याचा दाखला बंगालमध्येच आहे. एकोणिसाव्या शतकात मेदिनीपूर आणि आसपासच्या भागांतील काही पटुआ कोलकात्याला कालीघाटच्या देवळाजवळ जाऊन राहिले. यात्रेकरूंना झटपट नेता येईल असे सुटे चित्र ते काढू लागले. लांब पट सुटला आणि त्याबरोबर गाणेही सुटले. ती चित्रे अप्रतिम आहेत आणि जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. पण छापील देवतांची स्वस्त चित्रे बाजारात आल्यावर ती परंपरा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दशकांतच संपली. मेदिनीपूरच्या गावांत जे गात राहिले त्यांची कला मात्र टिकली. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने गेल्या शतकात पटांबरोबर त्यांची गाणीही उतरवून घेतली, त्यांचा संग्रह कोलकात्यात जोका येथे आहे. चित्रासोबत गाणेही जपले पाहिजे हे त्यांना कळले होते. २०१८ मध्ये बंगालच्या पटचित्राला भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. परंतु त्या मानांकनाने पटचित्राच्या नावाचा गैरवापर रोखता येतो. गाणे विसरले गेले तर ते कोणत्याही कायद्याने परत आणता येणार नाही.

हे लिहिताना मला सतत आपल्या पिंगुळीची आठवण होते आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तेथे गुंडाळी नसून सुटी पाने असतात, त्यांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, आणि एकेक पान उभे धरून वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने गायली जातात. ती जुनी पाने मी पुण्यातल्या एका संग्रहालयात काचेआड पाहिली आहेत आणि त्यांतल्या रेषेचे कौतुकही केले आहे. पण त्या पानांसोबत काय गायले जात होते, हे विचारायला हवे असे मला नयाला जाईपर्यंत सुचले नव्हते.

निघताना मी मनसेचाच एक छोटा पट घेतला. त्याचे पैसे दिल्यावर मी गाण्याचे किती, असे विचारले, तेव्हा माशी क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की हे त्यांना अलीकडे कोणी विचारलेले नाही. त्यांनी रक्कम सांगितली नाही, मला योग्य वाटली तेवढी मी दिली, आणि त्यांनी ती पटाच्या पैशांत न मिसळता पदराच्या वेगळ्या गाठीत बांधली. जे कोणी जाणार असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की रविवार टाळा, एका घरात निदान दुपारभर बसा, आणि पटाची किंमत विचारण्याआधी तो पूर्ण ऐका. गाण्याचे पैसे वेगळे द्या आणि ते गाण्याचे आहेत असे स्पष्ट सांगून द्या.