सुट्टीत स्पॅनिश: पानं, रंग आणि मोजपट्टी

नाशिकच्या मे महिन्यात हा वर्ग सकाळी साडेसहा ते साडेआठच ठेवा. नऊनंतर गोदाकाठीही मुलं चिडचिड करतात. आठ-दहा मुलं पुरेत.

पहिल्या दिवशी चारच आज्ञा: मीरा (बघ), कोर्ता (काप), पेगा (चिकटव), पिंता (रंगव). प्रत्येक आज्ञा कृती करून दाखवायची. लगेच मराठी अर्थ सांगितला की मुलं स्पॅनिश ऐकणं सोडून मराठीचीच वाट बघतात. बहुतेक वर्ग इथेच फसतात.

ठशांसाठी वड-उंबराची ताजी गळलेली पानं घ्या, वाळकी चुरतात. शिरा वर आलेल्या बाजूला पोस्टर कलर जवळजवळ बिनपाण्याचा लावा. रंग पातळ झाला की शिरा बुजतात. कागदावर पालथं ठेवून दहा सेकंद दाबा आणि रंग विचारा: वेर्दे (हिरवा), आमारीयो (पिवळा).

नववी-दहावीच्या पोरांना ठसे बालिश वाटतात (खरंच आहे). त्यांना शिंप्याची टेप द्या. जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाचा घेर मोजायचा, जोडीदाराने विचारायचं, ‘क्वान्तो मीदे?’ (माप किती?) घेर शंभर सेंटीमीटरपुढे गेला की आकडे अडखळतात, म्हणून सुरुवात बारीक कडुनिंबापासून.

उच्चारात त आपलाच, द जवळपास आपलाच. एच मात्र मुका. इंग्रजी माध्यमातली मुलं तो हटकून उच्चारतात, म्हणून पहिला आठवडा फळ्यावर काही लिहू नका.