दुसरी पिशवी
ड्यूटी संपली, तरी ती रक्ताची पिशवी डोळ्यांसमोरून हलत नाही. बाळ खणखणीत रडलं, वार पडली आणि रक्त काही थांबेना. आईच्या पोटावर हात ठेवला तर गर्भाशय घट्ट आवळायचं सोडून मऊ पडलेलं. हिमोग्लोबिन आधीच कमी, ८! क्रॉसमॅच, म्हणजे तिचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळतं का ते बघणं, सकाळीच करून ठेवलं होतं म्हणून बरं. औषधं, चोळणं चालूच; पण पिशवी लावण्याआधी आम्ही दोघी सिस्टरनी नाव, रक्तगट, नंबर मोठ्याने वाचला. तिथे घाई नाहीच करायची. पहिली १५ मिनिटं मी तिच्या उशाशीच, रक्त अंगाला मानवतंय ना ते बघत. थंडी वाजतेय? अंग खाजतंय? कंबर दुखतेय? तर ती म्हणते, "सिस्टर, बाळाला पाजलं का कुणी?"

एका पिशवीने हिमोग्लोबिन वाढतं जेमतेम १ ने. लोहाच्या गोळ्या मात्र घरी तशाच पडून होत्या म्हणे. राग आला, पण ओरडणार कुणावर? दुसरी संपत आली तेव्हा ओठांवर जरा रंग दिसला.