लाइट गेली आणि चकत्या हिरव्याच राहिल्या

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मला तंबाखू मिळाली. खायची नाही, कुंडीतली. अर्धी झाडं साधी, अर्ध्यांच्या हरितलवकात सुपरऑक्साइड डिसम्युटेज (एसओडी) हे विकर, म्हणजे एन्झाइम, जास्त बनवणारं जनुक घातलेलं. पानांच्या चकत्या संध्याकाळी पॅराक्वाट या तणनाशकाच्या पातळ द्रावणावर तरंगत, रात्रभर रॅकवरच्या दिव्यांखाली ठेवायच्या. साध्या पांढऱ्या पडणार, जनुकवाल्या हिरव्या राहणार. सोपं वाटलं होतं.

मे महिना, बाहेर ४५ अंश. पहिल्या खेपेला दोन्हीकडच्या चकत्या हिरव्यागार. द्रावण बिघडलं म्हणून नवं केलं (हातमोजे घालूनच, या विषावर उतारा नाही). दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी मी यायचे तेव्हा रॅकवरचे दिवे लागलेलेच असायचे, त्यामुळे डोक्यात काही येईना. शेवटी वॉचमनकाका सहज म्हणाले, "ट्रान्सफॉर्मरचं काम चालू आहे ना ताई, संध्याकाळी लाइट जाते ते पहाटेच येते."

डोक्यावर हात मारला. पॅराक्वाट पान स्वतः जाळतच नाही. उजेडात प्रकाशप्रणाली-१, म्हणजे हरितलवकातल्या प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेमधून निघणारे इलेक्ट्रॉन ते मधल्या मध्ये उचलतं आणि ऑक्सिजनच्या गळ्यात मारतं. त्यातून सुपरऑक्साइड, म्हणजे पेशी जाळणारं ऑक्सिजनचं रूप, तयार होतं. हात मोकळे झालेलं पॅराक्वाट पुढचा इलेक्ट्रॉन घ्यायला लगेच हजर, म्हणून थोडंसंही पुरतं. अंधारात इलेक्ट्रॉनच वाहत नव्हते, माझ्या चकत्या रात्रभर निवांत झोपल्या होत्या. एवढं तर परीक्षेत दहा मार्कांना लिहून आले होते मी!

मग इन्व्हर्टरवर दिवे लावले. कॉर्क बोअररनं शिरा टाळून नव्या चकत्या पाडल्या. यावेळी साध्या चकत्या आधी कडेनं विरल्या, मग मधोमध भिजलेल्या कागदासारख्या झाल्या. पेशींचे पडदे फाटले की आतले क्षार पाण्यात गळतात; कंडक्टिव्हिटी मीटरचा आकडा त्यावरच चढतो. नंतर त्याच चकत्या ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत उकडून) एकूण क्षार मोजायचे आणि टक्केवारी काढायची. जनुकवाल्यांची गळती खरंच कमी आली.

पण डोस दहापट केला, तर दोन्ही पांढऱ्या. मी हिरमुसले. सर म्हणाले, "एसओडी सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. ते काय अमृत आहे का?" ते निस्तरायला एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज लागतं. १९९३ साली छापलेल्या तंबाखूवरच्याच एका कामात एसओडी वाढवलेल्या झाडांत हे दुसरं विकरही वाढलेलं दिसलं होतं. माझ्या झाडांत डॅबचा रंग देऊन पाहिला, तर जास्त डोसला पेरॉक्साइडचे तपकिरी डाग दोन्हीकडे सारखेच.

हिंगण्याकडे आमची कपाशी आहे. सुट्टीत बाबांनी विचारलं, "मंग हे पराटीत घातलं तं निंदनाची मजुरी वाचन का?"

म्हटलं, नाही बाबा. ज्या चोरट्या एचटीबीटी (तणनाशक सोसणाऱ्या बीटी कपाशीच्या) बियाण्याची गावात कुजबुज चालते, त्यातली युक्ती वेगळी. ग्लायफोसेट हे तणनाशक ज्या विकराला धरतं, त्याचा जिवाणूतला भाऊबंद तिथे बसवलेला असतो आणि ग्लायफोसेटला तो नीट धरता येत नाही. माझ्या झाडात विष आपलं काम करतंच, झाड फक्त मागून पसारा आवरतं.

बाबांनी बिडी विझवली. "म्हंजे तुयं झाड इख पेते अन् मंग आंगन झाडत बसते."

सबमिशनच्या आदल्या रात्री पुन्हा लाइट गेली. यावेळी घड्याळात वेळ पाहून वहीत लिहून ठेवली.